आधी बघा, मग खणा: वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर रेझर क्लॅम काढायला जाताना

कोकणातल्या माणसाला शिंपल्या काढायला कोणी शिकवू नये, अशा तोऱ्यात मी पहिल्यांदा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, पॅसिफिकच्या वाळूत उतरलो. लहानपणी खाडीला ओहोटी लागली की आजीच्या मागून चिखलात जायचो. पायाच्या बोटांना तिसरी लागली की वाकायचं, उचलायची, टोपलीत टाकायची. तिसरी बिचारी कुठे जात नाही. रेझर क्लॅम ही इथली शिंपली मात्र पळते, आणि तीही सरळ खाली. त्या संध्याकाळी दोन तासांत माझ्या जाळीत चार आल्या, त्यांतल्या तीन माझ्याच फावड्याने चिरलेल्या. शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक बाई आपल्या पंधरा मोजून, हात धुऊन, थर्मासमधली कॉफी पीत उभ्या होत्या. जाताना मला म्हणाल्या, "खणतोस चांगला, पण बघत नाहीस."

त्यानंतरच्या काही हंगामांत जे बघायला शिकलो ते इथे लिहितोय. सिॲटल, बेलव्यू, रेडमंडपासून पोर्टलंडपर्यंत आता इतकी मराठी घरं आहेत की दर हिवाळ्यात कोणीतरी विचारतंच, "ते कंदील घेऊन अंधारात वाळू उकरतात ते काय असतं? आम्हाला जमेल?" जमतं. आठ वर्षांच्या मुलांना जमतं. फक्त घरून निघण्याआधीची तयारी नीट हवी.

ही पळते कशी

शास्त्रीय नाव सिलिक्वा पॅट्युला. लांबट, चपटी, तपकिरी-सोनेरी लकाकीची, न्हाव्याच्या मिटलेल्या वस्तऱ्यासारखी. कवच पातळ आणि ठिसूळ, कडा मात्र खरोखर कापणारी. वॉशिंग्टनमध्ये बहुतेक ३ ते ५ इंचांच्या मिळतात. ६ इंचांची मिळाली की फोटो काढला जातो.

ती खाडीत राहत नाही. जिथे उघडा समुद्र सपाट वाळूवर आपटतो तिथेच तिचं घर. वाळूत उभी राहते. वरच्या टोकाला मान, म्हणजे दोन जोडनळ्या, पृष्ठभागापर्यंत आणून पाणी आत घेते आणि त्यातले डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ, खाते. खालच्या टोकाला जाड मांसल पाय. धोका जाणवला की हा पाय खाली खुपसते, त्याचं टोक फुगवून जहाजाच्या नांगरासारखं अडकवते आणि अख्खं अंग खाली ओढून घेते. या हालचालीत भोवतालची वाळू पाण्याने पातळ होते, त्यामुळे वाट आपोआप मोकळी होत जाते. तुम्ही पहिलं फावडं मारून, कपाळावरचा घाम पुसून दुसरं मारेपर्यंत बाईसाहेब हातभर खाली गेलेल्या असतात. म्हणून इथे ताकदीचा फारसा उपयोग नाही. जागा अचूक हवी आणि हात लगेच आत जायला हवा.

दिवस तुम्ही ठरवत नाही

नवीन माणूस इथेच फसतो. शनिवार मोकळा आहे, हवा छान आहे, चला समुद्रावर, असं इथे चालत नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली, किनारा खुला असणं. वॉशिंग्टन राज्याचं मत्स्य व वन्यजीव खातं दर उन्हाळ्यात प्रत्येक किनाऱ्यावर शिंपल्या किती आहेत याचा अंदाज घेतं आणि त्यावरून हंगामात किती काढू द्यायच्या ते ठरवतं. हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत, पण सलग नाही. ओहोटी चांगली असेल असे चार-सहा दिवसांचे तुकडे आधी तात्पुरते जाहीर होतात. 'तात्पुरते' या शब्दावर विसंबून हॉटेलचे पैसे भरू नका. विषाची चाचणी झाल्यावर, बहुधा आठवडाभर आधी, त्यावर पक्की मोहोर उमटते.

दुसरी गोष्ट म्हणजे ते विष. सूडो-निट्शिया नावाच्या डायटमच्या काही जाती डोमोइक आम्ल तयार करतात. शिंपली ते डायटम खाते आणि आम्ल अंगात साठवते. तिला स्वतःला काही होत नाही. माणसाला आधी उलट्या, जुलाब, पोटदुखी. जास्त प्रमाणात गेलं तर गोंधळ, झटके आणि कायमचा स्मृतिनाश, क्वचित मृत्यूही. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवरचे मसल जातीचे शिंपले खाऊन शंभरावर माणसं आजारी पडली, काही दगावली, तेव्हा या विषाची ओळख पटली. वॉशिंग्टनच्या रेझर क्लॅममध्ये ते १९९१ साली सापडलं आणि किनारे बंद झाले. २०१५ मध्येही असंच झालं. समुद्र अवेळी तापला, डायटमचं पीक आलं आणि खणणं बंद पडलं. मांसात २० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २० भाग, ही मर्यादा आहे. त्याच्या वर गेलं की किनारा बंद.

आपल्याकडे 'नीट शिजवलं की काही होत नाही' हा विश्वास फार पक्का असतो. इथे तो सोडा. हे आम्ल शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, लिंबू-मसाल्यानेही जात नाही. बघून, वास घेऊन कळत नाही. आणि रेझर क्लॅम ते वर्षभरसुद्धा धरून ठेवू शकते, त्यामुळे 'महिन्यापूर्वी होतं, आता गेलं असेल' हा हिशेबही चुकीचा. निघायच्या आदल्या दिवशी खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या किनाऱ्याचं नाव आणि तारीख दोन्ही बघा. एक किनारा खुला आणि शेजारचा बंद, असं नेहमी होतं.

तिसरी, ओहोटी. कोकणातल्या लोकांना उधाण आणि भांग हे शब्द माहीत असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी फारसं हलत नाही. आपल्याला उधाणाचे दिवस हवेत. या किनाऱ्यावर दिवसात दोन ओहोट्या होतात, पण सारख्या नसतात. एक खोल, एक उथळ. कामाची ती खोल. भरती-ओहोटीच्या तक्त्यात शून्य म्हणजे या खोल ओहोट्यांची सरासरी पातळी. आकड्याआधी उणे चिन्ह असेल तर पाणी सरासरीपेक्षाही खाली जाणार. उणे १ फूट दिसलं की गाडीत डिझेल भरायला हरकत नाही. शून्याच्या थोडं वर असलं तरी चालतं, पण वाळूची पट्टी अरुंद होते आणि गर्दी तेवढीच असते.

शरद-हिवाळ्यात ही खोल ओहोटी संध्याकाळी किंवा काळोख पडल्यावर येते, वसंतात सकाळी. म्हणून डिसेंबरात कंदील आणि एप्रिलमध्ये पहाटेचा गजर. खुल्या दिवसाची वेळही त्याप्रमाणे असते. हिवाळ्यात दुपारी १२ ते मध्यरात्र, वसंतात मध्यरात्र ते दुपारी १२. ओहोटी रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणजे शुक्रवारची वेळ शनिवारी धरून चालू नका. आणि तक्त्यातली वेळ म्हणजे पाणी सर्वांत खाली जाण्याची वेळ. पोचायचं त्याच्या दीड-दोन तास आधी. पाणी मागे सरतं तसं त्याच्या मागे मागे जायचं. पाणी वळलं की काम आवरतं घ्यायचं.

एक चौथी गोष्ट तक्त्यात नसते. लाटा. तक्ता उणे १ म्हणत असला आणि बाहेर बारा-पंधरा फुटांच्या लाटा येत असल्या, तर पाणी म्हणावं तसं मागे जात नाही आणि शिंपल्याही मान वर काढत नाहीत. दहा फुटांच्या वर लाटांचा अंदाज असला की मी जात नाही. तीन तास गाडी चालवून रिकामी जाळी घेऊन परत येण्यात काही शौर्य नाही.

कुठे जायचं

दक्षिणेकडून उत्तरेकडे निघालो तर पहिला लाँग बीच, कोलंबिया नदीच्या मुखापासून लेडबेटर पॉइंटपर्यंत. मग विलापा खाडी ओलांडून ट्विन हार्बर्स. ग्रेज हार्बरच्या उत्तरेला कोपेलिस, त्यात ओशन शोअर्स हे गाव येतं. त्याच्याही वर कोपेलिस नदीपासून मोक्लिप्सपर्यंत मोक्रॉक्स. सर्वांत उत्तरेला ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातला क्लेलॉक, पण तिथे दिवस फार कमी मिळतात.

पोर्टलंडवाल्यांना लाँग बीच सोयीचा, सिॲटलवाल्यांना ओशन शोअर्सचा पट्टा. पहिल्या खेपेला मी लाँग बीच सुचवेन. किनारा सपाट, लांबच लांब, गर्दी पांगते. गावात रेझर क्लॅमचं इतकं कौतुक आहे की रस्त्याच्या कडेला एक अवाढव्य फ्राइंग पॅन उभा करून ठेवलाय. मुलं त्यापुढे फोटो काढतात, तोवर तुम्ही गमबूट घालून घ्या.

मोक्लिप्सच्या उत्तरेला क्विनॉल्ट या मूळनिवासी जमातीची राखीव भूमी सुरू होते. तो किनारा त्यांचा, आपल्यासाठी नाही. ही शिंपली ते कित्येक पिढ्या खात आलेत. बाहेरच्या किनाऱ्यांवरचाही त्यांचा वाटा करारातून आलेला आहे आणि १९९४ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. किनाऱ्यावर कधी 'आज फक्त जमातीचं खणणं' असं कळलं तर कुरकुरू नका.

ओरेगनमध्ये अस्टोरियाच्या बाजूला क्लॅटसॉपचा किनाराही उत्तम आहे. पण ते वेगळं राज्य आहे, परवाना वेगळा आणि तो १२ वर्षांपासून लागतो. १५ जुलै ते ३० सप्टेंबर तिथे बंदी असते. वॉशिंग्टनचा परवाना खिशात घेऊन पूल ओलांडलात तर उपयोग नाही.

परवाना आणि पंधराचा नियम

वॉशिंग्टनमध्ये १५ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. वर्षाचाही मिळतो, तीन दिवसांचाही. पाहुणे आलेत म्हणून एकदाच जायचं असेल तर तीन दिवसांचा बरा. खात्याच्या संकेतस्थळावर किंवा खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतो. राज्य उद्यानाच्या वाहनतळावर गाडी लावणार असाल तर डिस्कव्हर पासही लागेल.

दिवसाची मर्यादा माणशी १५. कधी खातं ती तात्पुरती वाढवतं, तेव्हा खात्याची सूचना वाचा. पण खरा नियम आकड्याचा नाही, 'पहिल्या पंधरा' असा आहे. हातात आलेल्या पहिल्या १५ शिंपल्या ठेवायच्याच. लहान असो, फुटलेली असो, अर्धी असो. ही छोटी परत टाकतो आणि मोठी शोधतो, हे बेकायदा आहे आणि त्याला कारण आहे. बाहेर काढलेली लहान शिंपली पुन्हा वाळूत टाकली तरी बहुतेक वेळा मरते. मोठ्यांच्या हव्यासाने माणूस १५ नेतो आणि १० मारून जातो.

आपल्या लोकांना खटकणारा दुसरा नियम म्हणजे, प्रत्येकाची पिशवी वेगळी आणि प्रत्येकाने आपल्या आपणच खणायच्या. "आई थंडीने गाडीत बसलीय, तिच्या पंधरा मी काढतो" हे चालत नाही. मुलांना १५ वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना लागत नाही, पण त्यांच्या पंधरा त्यांनीच काढायच्या. तपासनीस वाहनतळापाशी उभे असतात, हसून बोलतात आणि नीट मोजतात. अपंगत्वामुळे स्वतः खणू न शकणाऱ्यांसाठी वेगळी परवानगी असते, ती आधी काढून ठेवा.

मोजायची सवय लावा. अंधारात, बोटं बधीर झालेली असताना, तेरा की चौदा हे खरंच आठवत नाही. मी प्रत्येक पाचाला मोठ्याने म्हणतो. बायको म्हणते भाजीवाल्यासारखं वाटतं.

सामान

हत्यारं दोन. एक क्लॅम गन. नाव गन असलं तरी ती दोन-अडीच फुटांची नळी असते, वर आडवी मूठ आणि हवेसाठी एक भोक. नियमाप्रमाणे गोल नळी बाहेरून किमान ४ इंच व्यासाची हवी. स्टीलची जड, ॲल्युमिनियमची हलकी, प्लास्टिकची स्वस्त. दुसरं फावडं, लांब निमुळत्या पात्याचं, खास याच कामाचं. बागेतलं रुंद फावडं आणू नका, तेच माझं पहिल्या दिवशीचं पाप. नवख्याला गन सोपी, पण कंबर धरते. फावडं शिकायला दोन फेऱ्या जातात, पुढे तेच वेगवान. दोन्ही किनाऱ्याजवळच्या गावांत भाड्याने मिळतात, पहिल्यांदा विकत घ्यायची घाई नको.

बाकी कमरेला अडकवायची जाळीची पिशवी, गुडघ्यापर्यंतचे गमबूट किंवा वेडर (छातीपर्यंतची, पाणी न शिरणारी विजार), पावसाचा अंगरखा, लोकरीची टोपी. सुती कपडे नकोत, भिजले की अंगातली ऊब ओढून घेतात. बदलायचे कपडे गाडीत ठेवा, मोज्यांसकट. रात्री डोक्यावरचा दिवा हवाच, शिवाय हातातला कंदील. हा कंदील वाळूच्या जवळ, घोट्याच्या उंचीवर धरा. वरून पडणाऱ्या उजेडात वाळू सपाट दिसते. आडव्या उजेडात वाटाण्याएवढ्या खळग्याचीसुद्धा सावली पडते, आणि आपल्याला ती सावलीच हवी असते.

गाडी वाळूवर

यांतल्या बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी नेता येते. तिथे किनारा हाच रस्ता मानला जातो आणि वेग ताशी २५ मैल. वरच्या बाजूची घट्ट, दमट वाळू हीच गाडीची जागा. किनाऱ्यामागच्या वाळूच्या टेकाडाजवळच्या सुक्या भुसभुशीत वाळूत चाक रुतलं की काढणारा माणूस शोधावा लागतो, आणि तेवढ्यात भरती थांबत नाही. खालच्या ओल्या वाळूत शिंपल्या राहतात, तिथे गाडी न्यायची नाही. खात्री नसेल तर गाडी वाहनतळावर ठेवून चालत जा.

खूण

आता मुख्य गोष्ट. शिंपली दिसत नाही, तिची खूण दिसते. मान आत ओढून घेतली की वाळूवर जे उरतं ती खूण. इथले लोक तिला शो म्हणतात.

तीन प्रकार. एक साधा खळगा, वाळूत बोट हलकेच टेकवल्यासारखा. दुसरा मेदूवड्यासारखा: मध्ये खळगा आणि भोवती उचललेली कड. तिसरा किल्लीच्या भोकासारखा, कडा स्पष्ट, बहुतेक जरा सुक्या वाळूत. पहिल्यांदा मला सगळीकडे खळगेच दिसायला लागले, त्यांतले निम्मे बुडबुडे आणि कोळंबीसारख्या जिवांची बिळं. फरक ओळखायचा असेल तर आकार बघा. साधारण नाण्याएवढी, एकटी, गोल खूण असली तर थांबा. टाचणीच्या डोक्याएवढी दहा भोकं जवळजवळ असली तर पुढे चला. मोठी खूण म्हणजे बहुधा मोठी शिंपली.

खूण दिसतच नसेल तर वाळूला जागं करा. फावड्याचा दांडा ओल्या वाळूवर जोरात आपटा, किंवा पाय आपटत दोन-चार पावलं चाला आणि मग मागे वळून बघा. धक्क्याने शिंपली मान आत ओढते आणि जिथे आत्ता काही नव्हतं तिथे डोळ्यांदेखत खळगा पडतो, कधी पाण्याची पिचकारी उडते. पहिल्यांदा हे बघितलं की माणूस हसतोच. लाट मागे सरकताना उथळ पाण्यात मानेचं टोक वाळूच्या वर आलेलंही दिसतं. ते बघायला डोळे बसावे लागतात.

माझा सल्ला असा की पहिली दहा मिनिटं हत्यार खाली ठेवा. नुसतं चाला आणि बघा. शेजारचे कुठे वाकतायत, पाण्यापासून किती अंतरावर, तेही बघा. शिंपल्या पट्ट्यापट्ट्याने असतात. एक मिळाली की वीस पावलांच्या आत दुसरी असतेच.

गन चालवताना

खूण नळीच्या बरोबर मधोमध येईल अशी गन ठेवा, मूठ टेकाडाच्या बाजूला किंचित झुकलेली. नळी डावी-उजवी हलवत, वजन टाकत खाली दाबा, पहिल्यांदा सहा ते दहा इंच. मग अंगठ्याने भोक घट्ट बंद करा आणि वर ओढा. शरबताच्या नळीचं वरचं तोंड बोटाने दाबलं की शरबत आतच राहतं ना, तसा वाळूचा गोळा नळीत अडकून वर येतो. ओढताना पाठ सरळ, गुडघे वाकलेले, जोर मांड्यांतून. तिरकं वाकून ओढलंत तर सोमवारी ऑफिसात कळेल. बाहेर आल्यावर अंगठा काढा, वाळू झटका, गोळा हाताने फोडून बघा. शिंपली नसेल तर त्याच भोकात लगेच दुसरा घाव, आणि मग हात. कोपरापर्यंत आत गेलेला हात आणि बोटांना लागलेलं ते गुळगुळीत कवच, आणि ते तुमच्या बोटांतून खाली निसटतंय! घाबरून जोरात ओढू नका. कवचाच्या बाजूने बोटं सरकवून घट्ट धरा, ती ओढायची थांबेल असा एक क्षण येतो, तेव्हा हळू वर. जोर केलात तर मान तुटून हातात येते किंवा कवचाची कड बोट कापते. माझ्या तर्जनीवर खूण आहे.

फावडं चालवताना

तोंड समुद्राकडे. पातं खुणेच्या समुद्राकडच्या बाजूला, खुणेपासून ४ ते ६ इंच सोडून ठेवा, दांडा टेकाडाकडे. एक गुडघा टेकत पातं खाली दाबा आणि त्याचा कोन बदलू देऊ नका, तो बदलला की कवच फुटतं. दांडा मागे थोडासाच ओढा, वाळूची पकड सुटेल एवढाच. आता वाळू वर आणि पुढे उचलून टाका. दोन-तीन वेळा हेच, आणि मग हत्यार बाजूला ठेवून हाताने उकरा. फावड्याचं काम वाट करण्यापुरतं, शिंपली पकडायची हातानेच.

खणून झालं की खड्डा बुजवा. अंधारात मागून मुलं धावत येत असतात.

समुद्राकडे पाठ नको

वाकून खणताना सगळं लक्ष त्या एका खळग्यात असतं. तेवढ्यात नेहमीपेक्षा कितीतरी पुढे येणारी एखादी लाट येते. आवाज देत नाही. गमबुटात पाणी शिरलं तरी चालेल, पण ती माणसाला पाडते, आणि हिवाळ्यातल्या या पाण्यात थोडा वेळही फार होतो. म्हणून तोंड कायम समुद्राकडे, दर थोड्या वेळाने नजर वर. वेडर घालत असाल तर कमरेला पट्टा आवळा, आत पाणी भरलं तर उठता येत नाही. लहान मुलांना नेताना एका मोठ्या माणसाने खणायचं नाही, फक्त मुलांकडे बघायचं. आम्ही पाळीपाळीने करतो. आणि मोठे ओंडके लाटांत तरंगत असतील तर त्यांच्यापासून लांब राहा.

घरी आल्यावर

शिंपल्या थंड, दमट ठेवा, ओल्या फडक्याखाली, बर्फाच्या पेटीत. गोड्या पाण्यात बुडवून ठेवू नका, मरतात. शक्य तो त्याच दिवशी साफ करा, कितीही झोप आली असली तरी.

आधी वाळू धुऊन टाका. चाळणीत पसरून वरून उकळतं पाणी ओता. काही सेकंदांत कवचं पटापट उघडतात. उघडली की लगेच थंड पाण्यात, नाहीतर मांस शिजायला लागतं. मांस कवचातून सहज निघतं. आता कात्री घ्या, सुरीपेक्षा तीच सोयीची. मानेचं काळं टोक कापून टाका. मग पायाच्या बुडापासून मानेच्या टोकापर्यंत सरळ चिरत जा, दोन्ही नळ्या उघडून सपाट करा. कल्ले आणि काळपट दिसेल ते सगळं काढा. पाय वेगळा करून तोही उभा चिरा, आतला काळा भाग धुऊन टाका.

हे करताना एक पारदर्शक, काचेच्या सळीसारखा, मऊ धागा हातात येईल. आमच्याकडे पहिल्या वेळी किंचाळी झाली होती, जंत समजून. जंत नाही तो. शिंपलीच्या पचनाचा भाग आहे, अन्न घुसळायला आणि पचवायला मदत करतो. काढून टाका आणि पुढे व्हा.

एक आठवण पुन्हा, साफ केल्याने डोमोइक आम्ल जात नाही. किनारा खुला होता म्हणूनच हे खायचं.

इथली रीत म्हणजे अंड्यात बुडवून, बिस्किटाच्या चुऱ्यात घोळवून गरम तेलात तळणं. आम्ही मीठ, हळद, मालवणी मसाला आणि आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवतो, मग तांदळाचं पीठ मिसळलेल्या रव्यात घोळवून तव्यावर. तवा कडक तापलेला हवा आणि प्रत्येक बाजू जेमतेम एक मिनिट. दोन मिनिटं झाली की चप्पल. पायाचा भाग सर्वांत मऊ, तो तळायला ठेवा. मान चिवट असते, ती बारीक चिरून ओल्या खोबऱ्याच्या सुक्यात घाला, तिसऱ्यांचं करतो तसंच, फक्त शिंपल्या अगदी शेवटी टाकून झाकण ठेवायचं आणि गॅस बंद. वसंतातल्या शिंपल्या भरलेल्या असतात, हिवाळ्यातल्यांपेक्षा चवीला सरस, असं माझं मत.

चार माणसांच्या साठ झाल्या की एका बसणीत संपत नाहीत. साफ केलेलं मांस लहान पिशव्यांत, एका जेवणाला पुरेल एवढं, थोड्या पाण्यासह भरून हवा काढा आणि गोठवा. पिशवीवर तारीख आणि किनाऱ्याचं नाव लिहा. पुढच्या आठवड्यात तोच किनारा विषामुळे बंद झाल्याची बातमी आली, तर फ्रीजरपुढे उभं राहून आठवत बसावं लागत नाही.